टाइटन युअर बेल्ट म्हणजे कंबर कसायची का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वरिष्ठांचा मेल आला, त्यात वाक्य होतं ‘वी ऑल नीड टु टाइटन अवर बेल्ट्स धिस इयर’. तुम्ही त्याचा अर्थ ‘यंदा सगळ्यांनी कंबर कसायची आहे’ असा घेतलात आणि लगेच उत्तर पाठवलंत की आमची टीम पूर्ण ताकदीनिशी तयार आहे, दोन नवीन माणसं मिळाली तर अजून काम उचलू. समोरून काहीच उत्तर नाही. आता तुम्ही विचारताय की चुकलं कुठं, आणि हा वाक्प्रचार नक्की वापरायचा कधी आणि कसा.

चुकलं ते अर्थ लावण्यात. त्या वाक्यात कामाबद्दल काहीच नव्हतं, ते पैशाबद्दल होतं. टाइटन युअर बेल्ट म्हणजे हातात पूर्वीपेक्षा कमी पैसा आहे म्हणून खर्च कमी करणं. त्यांनी लिहिलं की यंदा खर्च आवरता घ्यायचाय आणि तुम्ही त्यावर दोन माणसांचा नवा खर्च मागितलात. पण वाईट वाटून घेऊ नका, ही चूक मराठी माणसाकडून होणं अगदी साहजिक आहे, आणि त्याला कारण आपली भाषाच आहे.

मी वीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतोय आणि नोकरी करणाऱ्या मंडळींना इंग्रजी शिकवतोय, आणि ही एक चूक मी इतक्या वेळा बघितलीय की आता वर्गात हा वाक्प्रचार आला की मी अर्थ सांगतच नाही, आधी सगळ्यांना लिहायला लावतो. निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये ‘कंबर कसणे’ असतं. आणि मी स्वतः सुरुवातीला एका बातमीत हेच केलं होतं. मूळ बातमी होती की सरकारने लोकांना खर्च कमी करायला तयार राहा असं सांगितलंय, आणि मी लिहिलं ‘नागरिकांनी कंबर कसावी’. छापून आलं. वाचणाऱ्याला वाटलं असेल की काहीतरी मोठं काम हाती घ्यायचंय, लोकांना उमेद दिली जातेय. प्रत्यक्षात लोकांना सांगितलं जात होतं की पुढचे दिवस ओढीचे आहेत. अर्थ थोडासा सरकला नव्हता, पूर्ण उलटाच झाला होता, आणि ते मला तेव्हा फार लागलं होतं.

आता हे होतं कसं ते बघा. दोन्हीकडे कंबर आहे, दोन्हीकडे आवळणं आहे. चित्र सारखं दिसतं म्हणून अर्थही सारखाच असणार असं आपण धरून चालतो. पण कंबर आवळायचं कारण दोन्हीकडे वेगळं आहे. आपल्याकडे कंबर कसायची ती कामाला किंवा लढाईला निघताना, म्हणजे सैल कपडे पायात येऊ नयेत, हालचाल मोकळी व्हावी म्हणून. पदर खोचणं, बाह्या सरसावणं ही सगळी त्याच घरातली भावंडं, सगळ्यांचा रोख पुढे काम आहे इकडे. इंग्रजीतला बेल्ट आवळला जातो तो उपासमारीमुळे. पोटात कमी गेलं, शरीर वाळलं, पट्टा सैल पडला, मग पुढच्या भोकात अडकवायचा नाहीतर कपडे खाली घसरतात. शिवाय रिकाम्या पोटावर पट्टा घट्ट बांधला की भुकेची जाणीव जरा बोथट होते, लांबच्या प्रवासात अन्न संपलेली माणसं असं करायची. म्हणजे या वाक्प्रचाराच्या मुळाशी भूक आहे. आज कुणी उपाशी नसतं, कंपनीचा प्रवासखर्च कमी होत असतो, पण शब्दात ती जुनी भूक शिल्लक आहे आणि म्हणून त्याला एक ओढाताणीचा, नाइलाजाचा सूर आहे.

मी हे असं मांडतो की मराठीत कंबर कामासाठी आहे आणि काटकसरीसाठी पोट आहे. पोटाला चिमटा काढणं आठवा. भूक, खर्च कमी करणं, सहन करणं हे सगळं आपण पोटाकडे दिलं. इंग्रजीने ते कमरेच्या पट्ट्याकडे दिलं. आणि फक्त इंग्रजीनेच नाही, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन या सगळ्या भाषांमध्ये खर्च कमी करायला पट्टाच आवळतात. त्यामुळे युरोपातल्या माणसाला हा वाक्प्रचार शिकवावाच लागत नाही, आणि आपल्याला मात्र मुद्दाम शिकावा लागतो, कारण आपल्या कमरेत आधीच दुसरा अर्थ बसलेला आहे.

मग कंबर कसणे याला इंग्रजीत काय म्हणायचं? जुन्या इंग्रजीत अगदी हुबेहूब आहे, ‘गर्ड अप युअर लॉइन्स’. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हे येतं, तिथेही लांब झगा वर घेऊन कमरेला खोचायचा आणि तयार व्हायचं, म्हणजे आपलंच चित्र. पण आज कुणी ऑफिसात असं बोललं तर फार पुस्तकी वाटतं. आजच्या बोलण्यात ‘रोल अप अवर स्लीव्ह्ज’ म्हणजे बाह्या सरसावणं, नाहीतर ‘बकल डाउन’ म्हणजे मान मोडून कामाला लागणं. आता गंमत बघा, बकल म्हणजे पट्ट्याचीच कडी, आणि बकल डाउन मात्र कामाबद्दल आहे, खर्चाबद्दल नाही. म्हणजे पट्टा दिसला की पैसा हा नियमही करून ठेवू नका. ‘अंडर माय बेल्ट’ म्हणजे गाठीला असलेला अनुभव, ‘बिलो द बेल्ट’ म्हणजे बॉक्सिंगमधून आलेला, नियम सोडून मारलेला फटका, आणि ‘बेल्ट अँड ब्रेसेस’ म्हणजे पट्टाही लावायचा आणि खांद्यावरून पट्ट्याही घ्यायच्या, थोडक्यात दुहेरी खबरदारी. यातल्या कशाचाही खर्चाशी संबंध नाही. खर्चाशी संबंध फक्त टाइटन या क्रियापदामुळे येतो.

आता मुख्य गोष्ट, वापर. अर्थ पाठ करून उपयोग नाही, हा शब्द कुठे शोभतो आणि कुठे नाही हे कळलं पाहिजे, आणि इथेच बहुतेक पुस्तकं एका ओळीत ‘काटकसर करणे’ असं लिहून मोकळी होतात. मला ते पटत नाही. काटकसर हा स्वभाव असू शकतो, टाइटन युअर बेल्ट हा कधीच स्वभाव नसतो. त्यात एक ‘आधी’ आणि एक ‘आता’ असतो. आधी बरं चाललं होतं, मग काहीतरी झालं, नोकरी गेली, घरात एकाचाच पगार राहिला, कर्जाचा हप्ता वाढला, धंदा मंदावला, आणि म्हणून आता खर्च कमी. जो माणूस लहानपणापासून जपून खर्च करतो, कोट्यधीश झाला तरी करतो, त्याच्याबद्दल ‘ही टाइटन्स हिज बेल्ट’ म्हणता येत नाही. त्याला ‘फ्रूगल’ म्हणा किंवा ‘थ्रिफ्टी’ म्हणा, दोन्ही कौतुकाचे शब्द आहेत. पैसे घट्ट धरून बसणारा असेल तर ‘टाइट-फिस्टेड’, ते कौतुकाचं नाही, आपला चिक्कू.

आणि उत्पन्न कमी झालंच पाहिजे असंही नाही बरं का. पगार तोच आहे पण महागाई वाढली, तरी लोक बेल्ट टाइटन करतातच, कारण त्याच पैशात आता कमी येतं. बातम्यांमध्ये तर हा वापर सगळ्यात जास्त दिसेल, ‘हाउसहोल्ड्स आर टाइटनिंग देअर बेल्ट्स ॲज प्राइसेस राइज’, अशा धर्तीची वाक्यं. म्हणजे मुद्दा पगाराच्या आकड्याचा नाही, पैसा पुरण्याचा आहे.

दुसरी गोष्ट, हा वाक्प्रचार सगळ्या खर्चावर पसरलेला असतो, एका वस्तूवर नाही. बाहेर खाणं कमी केलं, सिगारेट कमी केली, टॅक्सी सोडून बस धरली, तर इंग्रजीत ‘कट डाउन ऑन’ किंवा ‘कट बॅक ऑन’ आणि पुढे त्या वस्तूचं नाव. ‘टाइटन माय बेल्ट ऑन टॅक्सीज’ असं कुणी म्हणत नाही. माझे विद्यार्थी हे वाक्य नेहमी करतात, आणि मी दरवेळी हेच सांगतो की बेल्ट एकच असतो, तो अख्ख्या कमरेभोवती असतो, एका बाजूने आवळता येत नाही. हे चित्र डोक्यात ठेवलं की चूक परत होत नाही. कट बॅकला मराठीत आपला चपखल शब्द आहेच, खर्चाला कात्री लावणं. कात्री जिथे लावाल तिथेच कापते, कट बॅकही तसंच.

तिसरी गोष्ट म्हणजे काळ. बेल्ट आवळणं हे तात्पुरतं समजलं जातं. ‘वी विल हॅव टु टाइटन अवर बेल्ट्स फॉर अ व्हाइल’ हे अगदी नैसर्गिक वाक्य आहे, काही दिवस जरा ओढून धरावं लागेल. ज्याला आयुष्यभर ऐपतीत राहायचंय, त्याच्यासाठी इंग्रजीत ‘लिव्ह विदिन युअर मीन्स’ आहे, किंवा जुनी म्हण ‘कट युअर कोट अकॉर्डिंग टु युअर क्लॉथ’, जेवढं कापड तेवढाच कोट. ही म्हण जॉन हेवूड या इंग्रज लेखकाच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात थोड्या वेगळ्या शब्दांत सापडते, म्हणजे पावणेपाचशे वर्षं झाली. आणि त्याला आपलं अंथरूण पाहून पाय पसरावेत, अगदी तंतोतंत. तिथे तत्त्व आहे, इथे प्रसंग आहे. ‘अंथरूण पाहून’ या म्हणीचं भाषांतर टाइटन युअर बेल्ट असं केलेलं मी पाहिलंय, ते चूक आहे, कारण अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यावर बेल्ट आवळायची वेळ सहसा येतच नाही.

आता ‘मेक एंड्स मीट’ बद्दलही सांगून टाकतो कारण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारलंत की दोन्ही एकच का. नाही. मेक एंड्स मीट म्हणजे आलेल्या पैशात महिना कसाबसा निभावणं, जमा आणि खर्चाची दोन टोकं एकमेकांना टेकवणं. थॉमस फुलर या इंग्रज लेखकाच्या १६६२ च्या लिखाणात एका माणसाबद्दल येतं की त्याला संपत्तीची हाव नव्हती, दोन्ही टोकं जुळली की पुरे. मराठीत याला जो शब्द आहे तो मला फार आवडतो, तोंडमिळवणी. दोन तोंडं मिळवायची! इंग्रजीतली टोकं आणि आपली तोंडं, कुणी कुणाकडून घेतलं नाही आणि तरी चित्र एकच. बोलण्यात हातातोंडाची गाठ घालणंही चालतं. तर फरक असा की बेल्ट आवळणं ही कृती आहे आणि एंड्स मीट होणं हा तिचा हेतू. ‘वी टाइटन्ड अवर बेल्ट्स अँड जस्ट अबाउट मॅनेज्ड टु मेक एंड्स मीट’, एकाच वाक्यात दोन्ही येतात आणि एकमेकांची जागा घेत नाहीत.

यापेक्षा नाजूक फरक आहे तो ‘पर्स स्ट्रिंग्ज’ आणि बेल्टमध्ये, आणि हा समजला तर तुम्हाला अर्थसंकल्पाच्या बातम्या एकदम स्वच्छ वाचता येतील. पर्स स्ट्रिंग्ज म्हणजे जुन्या काळच्या पैशाच्या पिशवीच्या तोंडाची नाडी. ती ज्याच्या हातात तो पैसे देणारा. ‘होल्ड द पर्स स्ट्रिंग्ज’ म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत तो. नाडी आवळली म्हणजे देणाऱ्याने हात आखडता घेतला. आणि बेल्ट कुणाचा आवळला जातो? ज्याला कमी मिळालं त्याचा. एक आवळतो तिजोरी आणि दुसरा आवळतो स्वतःचं पोट. म्हणून मुख्य ऑफिसने पर्स स्ट्रिंग्ज टाइटन केल्या की शाखांना बेल्ट टाइटन करावा लागतो, हे वाक्य उलटं करून बघा, काहीतरी खटकतं. आपल्याकडे हात आखडता घेणं हे देणाऱ्याबद्दलच बोललं जातं, आणि त्याच्या उलट हात सैल सोडणं, जे इंग्रजीत ‘लूझन द पर्स स्ट्रिंग्ज’ होतं. बेल्ट सैल करणं हे मात्र खर्चाच्या अर्थाने फारसं कुणी बोलत नाही, ते खरोखरच भरपेट जेवल्यानंतरचं आहे.

अर्थशास्त्र वाचणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देतो. ‘मॉनेटरी टाइटनिंग’ हा शब्द आला तर तिथे बेल्ट आणू नका. ते मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवून बाजारातला पैसा कमी करणं आहे, तो पारिभाषिक शब्द आहे. एका विद्यार्थ्याने त्याचं भाषांतर ‘बँकेची काटकसर’ असं केलं होतं, आणि पुढचा सगळा उतारा त्याच समजुतीवर चुकत गेला.

‘टाइट’ या शब्दाकडेही जरा बघा. ‘मनी इज टाइट’ म्हणजे सध्या पैशाची चणचण आहे. आणि मराठीत आपण म्हणतोच की, सध्या हात जरा तंग आहे. तंग म्हणजे टाइटच. पण ‘ही इज टाइट विथ मनी’ म्हटलं की तो कंजूष आहे. पहिल्यात परिस्थितीला टाइट म्हटलं, दुसऱ्यात माणसाला. स्वतःबद्दल बोलताना ‘आय ॲम टाइट’ म्हणू नका, काही लोक त्याचा अर्थ दारू चढलीय असाही घेतात, जुना वापर आहे तो. ‘थिंग्ज आर अ बिट टाइट ॲट द मोमेंट’ म्हणा, सभ्य आहे आणि समोरचा पुढे खोदून विचारत नाही.

व्याकरण फार नाही पण जे आहे ते पाळायलाच हवं. मधला शब्द बदलतो, माय, युअर, हिज, अवर, देअर, आणि बेल्टचं अनेकवचन होतं. अनेक माणसं असतील तर ‘बेल्ट्स’. ‘वी मस्ट टाइटन अवर बेल्ट’ असं एकवचनात ऐकू येतं कधीकधी, पण लिहिताना बेल्ट्स लिहा, प्रत्येकाच्या कमरेला आपापला पट्टा आहे. ‘टाइटन द बेल्ट’ म्हटलं की मशीनचा पट्टा आवळतोय असं वाटतं, म्हणून तिथे द नको. मागे बहुतेक वेळा ‘हॅव टु’, ‘नीड टु’, ‘फोर्स्ड टु’ असं काहीतरी येतं कारण हा नाइलाजाचा शब्द आहे, हौसेने कुणी पट्टा आवळत नाही. ‘आय वाँट टु टाइटन माय बेल्ट’ व्याकरणाने बरोबर आहे पण कानाला विचित्र लागतं. वाँटनंतर ‘टाइटन माय बेल्ट’च्या जागी ‘सेव्ह’ घ्या, ‘आय वाँट टु सेव्ह मोर’. यापासून नामही होतं, बेल्ट-टाइटनिंग, मध्ये जोडरेघ, आणि ते विशेषणासारखंही चालतं, ‘बेल्ट-टाइटनिंग मेझर्स’, म्हणजे खर्चकपातीचे उपाय. अहवालात, मीटिंगच्या टिपणात हेच रूप जास्त दिसेल.

यावरून आठवलं, औपचारिक लिखाणात सरकारी पातळीवर ‘ऑस्टेरिटी’ हा शब्द वापरतात. २०१० साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून तोच निवडला होता, कारण युरोपातल्या कर्जसंकटाच्या बातम्यांमुळे लोक त्याचा अर्थ शोधत होते. ऑस्टेरिटी म्हणजे धोरण, आणि बेल्ट-टाइटनिंग म्हणजे तेच धोरण माणसाच्या अंगावर कसं येतं ते. राजकारणी मंडळी मुद्दाम दुसरा शब्द निवडतात, कारण तो घरगुती वाटतो, सगळे एकाच घरातले आहोत असं भासतं.

आणि इथे मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते येतं, हा शब्द कोण कुणाला बोलतो. ‘वी’ ने सुरू झाला तर ठीक आहे, बोलणारा स्वतःलाही त्यात धरतो. ‘यू’ ने सुरू झाला तर जपून. ज्याची नोकरी गेलीय अशा मित्राला ‘यू शुड टाइटन युअर बेल्ट’ म्हणणं बोचतं, त्याने तो आधीच आवळलेला असतो, आणि तुम्ही वरून सांगताय की अजून आवळ. मुळात भूक आहे हे मघाशी बोललो ना, ती इथे जाणवते. माझ्या वर्गातल्या एका बाईंनी परदेशातल्या सहकाऱ्याला अगदी आपुलकीने हे वाक्य लिहिलं होतं, त्याचा पगार कापला गेला होता, आणि तो बरेच दिवस तुटक वागला. त्यांना कळेना की आपण चांगला सल्ला दिला तर झालं काय. शब्दाचा अर्थ त्यांना बरोबर माहीत होता, शब्द कुणाच्या तोंडी शोभतो ते कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःबद्दल बोला, आपल्या सगळ्यांबद्दल बोला, तिसऱ्याबद्दल बातमीसारखं बोला, पण समोरच्याला तोंडावर सांगू नका.

तसंच कंपनीकडून हा शब्द आला की अजून एक वास घ्यायला शिका. पुष्कळदा बेल्ट-टाइटनिंग म्हटलं जातं आणि आत माणसं कमी करायचं ठरलेलं असतं. शब्द सौम्य आहे म्हणून वापरतात. दरवेळी तसंच असतं असं मी म्हणत नाही, बहुतेकदा प्रवास, ट्रेनिंग, नवीन भरती एवढ्यावरच थांबतं, पण नवीन भरती थांबते हे मात्र जवळजवळ पहिलंच पाऊल असतं. म्हणून तुमच्या त्या दोन माणसांच्या मागणीला उत्तर आलं नाही.

आता मराठीत याला काय लिहायचं. सरळ शब्दशः ‘कमरेचा पट्टा आवळणे’ असं हल्ली काही ठिकाणी दिसतं. मी ते लिहीत नाही. वाचणारा क्षणभर थांबतो, मनात इंग्रजी करतो आणि मग त्याला कळतं, म्हणजे भाषांतर झालंच नाही, काम वाचणाऱ्यावर ढकललं. पोटाला चिमटा काढणं चित्राने सगळ्यात जवळचं, दोन्हीत भूक आहे, पण त्यात एक त्याग आहे, कुणासाठी तरी, पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवलं असं आपण म्हणतो आणि ऐकणारा हळवा होतो. कंपनीच्या प्रवासखर्चाला हे लावलं तर शब्दाचा अपमान होतो. म्हणून घरच्या गोष्टीत, आईवडिलांच्या आठवणीत जरूर वापरा, ताळेबंदात नको. बातमीत किंवा ऑफिसात ‘खर्च आवरता घेणे’, ‘हात राखून खर्च करणे’ हे चांगलं बसतं. बोलण्यात तर ‘काही दिवस जरा ओढून धरायला हवं’ यापेक्षा नेमकं मला अजून सापडलेलं नाही, त्यात आवळणंही आलं, नाइलाजही आला आणि काही दिवसांपुरतं हेही आलं.

अजून दोनच शब्द वेगळे करतो कारण यांचीही गल्लत होते. ‘कट कॉर्नर्स’ म्हणजे खर्च किंवा वेळ वाचवायला कामाचा दर्जा पाडणं, तो आरोप आहे. ‘वी कट कॉर्नर्स टु सेव्ह मनी’ असं ग्राहकाला अभिमानाने लिहिलेलं पत्र मी दुरुस्त केलंय, त्यांना म्हणायचं होतं की आम्ही फालतू खर्च टाळतो आणि लिहिलं गेलं की आम्ही काम कच्चं करतो. आणि दुसरा ‘पेनी वाइज अँड पाउंड फूलिश’, चिल्लर वाचवायची आणि मोठी रक्कम घालवायची. १९७१ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने दशमान नाणी आणली त्याआधी एका पाउंडात २४० पेन्स असायचे, म्हणजे या म्हणीतली दरी आज वाटते त्यापेक्षाही मोठी होती. मराठीत याला मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. बेल्ट आवळताना नेमकं हेच होतं पुष्कळांचं, छापायचा कागद मोजतात आणि कुणी वापरत नाही त्या सॉफ्टवेअरचं भाडं वर्षानुवर्षं भरत राहतात.

तुमच्या मेलचं काय करायचं ते राहिलं. माफीचं लांबलचक पत्र नको. एक छोटा मेल पाठवा, ‘फॉलोइंग अप ऑन माय अर्लियर नोट, आय अंडरस्टँड वी आर टाइटनिंग अवर बेल्ट्स धिस इयर, सो प्लीज इग्नोर द रिक्वेस्ट फॉर टू ॲडिशनल पीपल. आय विल सेंड यू अ लिस्ट ऑफ व्हेअर अवर टीम कॅन कट बॅक बाय फ्रायडे.’ बघा, यात बेल्ट एकदाच आलाय, तो ‘वी’ बरोबर आलाय, आणि प्रत्यक्ष कापायची वेळ आली तिथे कट बॅक घेतलाय. आणि शुक्रवार लिहिलात तर यादी शुक्रवारीच द्या, आकडे घालून.